उथळ पाण्याची होडी

आपल्या भाषेत 'उथळ' या शब्दाला काडीइतकीही प्रतिष्ठा नाही. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपण लहानपणी पाठ करतो आणि जन्मभर दुसऱ्यांना लावीत सुटतो. विचार असावेत तर खोल, व्यासंग असावा तर सखोल आणि प्रेम तर अथांगच असले पाहिजे! मी मराठी शिकवणारा माणूस. उत्तरपत्रिकेच्या समासात 'विवेचन उथळ' असे दोन शब्द लिहून गुण कापण्याचा अधिकार विद्यापीठाने मला दिला आहे, आणि तो मी सढळ हाताने वापरीत आलो आहे. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात सहा आठवडे मी अशा मंडळींच्या सहवासात काढले, की ज्यांच्या लेखी उथळपणा हा दोष नसून गुण होता. इतकेच नव्हे, तर फूट-इंचांत मापून आणि रोख पैसे मोजून विकत घेण्याजोगा गुण होता.

त्याचे असे झाले. आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सारे घर 'दादा' म्हणते, ते इंग्लंडात एसेक्स परगण्यातील कोलचेस्टर गावी राहतात. छातीच्या विकारांचे डॉक्टर. पस्तीस वर्षे तिकडच्या सरकारी रुग्णालयात काढून नुकतेच निवृत्त झालेले. मला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काही जुनी मराठी पुस्तके चाळायची होती, कॉलेजला सुट्टी होती, आणि दादांचा आग्रह होता. मी सामानासकट दारात उभा राहिलो तो घरात होडीचे प्रकरण ऐन रंगात आलेले!

होडी म्हणजे शिडाची होडी. तिकडे जिला यॉट म्हणतात ती. 'यॉट' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी पाटलोण घातलेला, हातात पेला घेतलेला हिंदी चित्रपटातला धनिक येतो. एसेक्समध्ये तसे नाही. तिथे पेन्शनीत निघालेला शाळामास्तरही यॉट बाळगतो आणि नळ दुरुस्त करणारा कारागीरही. पन्नास वर्षांपूर्वीची फायबरग्लासची पंचवीस-सव्वीस फुटी होडी तिकडे जुन्या मोटारगाडीच्या किमतीत मिळते. मिळते एवढ्या स्वस्तात, म्हणूनच ती पारखून घ्यावी लागते. दादांना तशीच एक जुनी होडी घ्यायची होती आणि तिच्यातून एसेक्सच्या खाड्याखाड्यांतून फिरायचे होते.

हे वेड त्यांनी विलायतेत गेल्यावर उचललेले नव्हे. आमचे मूळ गाव आंजर्ले. तिथली खाडी म्हणजे भरतीला समुद्र आणि ओहोटीला पुळण. दादांच्या लहानपणी ती तरीतून ओलांडावी लागे. पलीकडे हर्णैला आगबोट यायची. पण ती बिचारी खोल पाण्यातच उभी राहायची, आणि उतारूंना किनाऱ्याला आणायचा मान असायचा पडावाला. "मोठी बोट लांब उभी आणि आमचा पडाव थेट वाळूपर्यंत!" हे सांगताना दादांचे डोळे अजून लकाकतात. इंग्लंडात गेल्यावर एका सहकाऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून त्यांनी वीस वर्षे सुट्टीच्या दिवशी दोर ओढले. आता त्यांना स्वतःची होडी हवी होती.

वहिनींचा विरोध नव्हता. त्यांची अट होती. ती त्यांनी मी गेलो त्याच रात्री, जेवणाच्या टेबलावर, माझ्या साक्षीने पुन्हा एकदा सांगितली.

"भाऊजी, पस्तीस वर्षं हे रात्री-अपरात्री फोन आला की उठून जायचे. मी काही बोलले नाही. आजारी माणसं ती. आता हे निवृत्त झाले, तर म्हणतात होडी घेतो. घ्या म्हटलं. पण एकट्यानं जायची घेणार असाल तर तो दुसरा दवाखानाच झाला. मी बरोबर येणार. आणि माझ्या मणक्याचं तुम्हाला ठाऊक आहे. रात्री मला सपाट झोपता आलं पाहिजे. कललेल्या अंथरुणावर मी झोपणार नाही."

दादा हसले, पण ते हसणे फारसे मोकळे नव्हते. कारण ज्या होडीवर त्यांचा जीव जडला होता, ती ओहोटीला कलणारी होती.

इथे वाचकांना थोडा भूगोल सांगितला पाहिजे. एसेक्सच्या त्या भागाला किनारा म्हणणे म्हणजे शिष्टाचार झाला. चिखल, खाजणे आणि आत आत शिरलेल्या खाड्या यांचा तो पसारा आहे. ब्लॅकवॉटर नावाची नदी माल्डन गावाशी खारी होते आणि पुढे दहाबारा मैल, नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे लागला याचा पत्ता न लावता रुंदावत जाते. उधाणाच्या दिवसांत तिथल्या भरती-ओहोटीतला फरक पंधरा फुटांच्या घरात जातो. सकाळी जिथे होड्या डौलाने डोलत होत्या, तिथे दुपारी जाऊन पाहावे तर करड्या चिखलाचे मैदान, मधून एक ओहळ, आणि चिखलात चोची खुपसणारे पाणपक्षी.

हे पाणी एका चालीने उतरत नाही. त्याचा हिशेब तिथले होडीवाले बाराव्या हिश्शाने करतात. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण पाण्याचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे पंधरा फुटांच्या उधाणात पहिल्या तासाला जेमतेम सव्वा फूट पाणी सरकते आणि माणूस गाफील राहतो. तिसऱ्या तासाला पावणेचार फूट निघून जाते आणि माणूस चिखलात बसतो! त्यातही ओहोटीला अडकण्यापेक्षा वाईट म्हणजे ऐन उधाणाच्या माथ्यावर अडकणे. मग पुढल्या प्रत्येक भरतीचे पाणी कालच्यापेक्षा कमीच येते, आणि दुसरे उधाण येईपर्यंत होडी दोन आठवडे जागची हलत नाही. दादांनी हे समजावून सांगितले तेव्हा वहिनींनी शांतपणे विचारले, "म्हणजे कांदे-बटाटे किती घ्यावे लागतील?"

अशा पाण्याने केवळ होडीवाल्यांचीच परीक्षा पाहिली असे नाही. ९९१ साली उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग चाच्यांनी आपली जहाजे याच खाडीत घातली. त्यांची जहाजे लांबट आणि उथळ, म्हणून ती माल्डनच्या तोंडापर्यंत येऊ शकली. गावाजवळच्या नॉर्थी बेटावर त्यांनी तळ दिला असे मानतात. बेट आणि किनारा यांच्यामध्ये एक वाट आहे. ती भरतीला बुडते आणि ओहोटीला उघडी पडते. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी, आणि पाणी ओसरेपर्यंत कोणालाही लढता येईना! शेवटी वाट उघडली, लढाई झाली आणि इंग्रजांचा सरदार बर्टनॉथ पडला. या लढाईवरचे जुन्या इंग्रजीतले काव्य आज अपुरेच उरले आहे. त्याचा आरंभही हरवला आहे आणि शेवटही. मी त्या वाटेवर उभा राहिलो तेव्हा पाणी दोन्ही बाजूंनी चढत होते, आणि दादा घड्याळ पाहत मला मागे फिरायला सांगत होते.

मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आंग्र्यांच्या गुराबांना आणि गलबतांना त्यांच्या आकाराच्या मानाने पाणी कमी लागे. परदेशी जहाजे तोफांनी भारी, पण तळाने खोल. पाठलाग फार झाला की आपली गलबते खाडीत शिरत, आणि मोठ्या जहाजाला बाहेर थांबून नुसती दुर्बीण लावावी लागे. माल्डनच्या धक्क्याला आजही थेम्सवरचे जुने शिडाचे बार्ज उभे असतात. सपाट तळाच्या त्या प्रचंड होड्या थेट शेताच्या बांधापाशी चिखलात जाऊन बसत, लंडनच्या घोड्यांसाठी गवताच्या गंजी लादीत आणि परतताना त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी घेऊन येत. शिडात वारा भरला की होडी आडवी सरकू नये म्हणून त्यांच्या दोन्ही कुशींना हत्तीच्या कानांसारख्या मोठ्या फळ्या लोंबत असतात. वाऱ्याच्या आडच्या बाजूची फळी पाण्यात सोडायची, उथळ आले की वर ओढायची.

साऱ्या प्रश्नाची मेख इथे आहे. शिडाच्या होडीला पाण्याखाली काहीतरी खोल लागतेच. नाहीतर ती पुढे जाण्याऐवजी पालापाचोळ्यासारखी कडेला वाहवते. आणि जे खोल आहे ते उथळ पाण्यात रुतते. यातून माणसाने तीन वाटा काढल्या आहेत. पहिली, मध्ये एकच खोल कणा ठेवायचा आणि उथळ पाण्यापासून दूर राहायचे. दुसरी, मध्ये एक पाते ठेवायचे. हवे तेव्हा खाली सोडायचे, नको तेव्हा पेटीत ओढून घ्यायचे. तिसरी, एका खोल कण्याऐवजी दोन आखूड कणे दोन बाजूंना लावायचे, म्हणजे पाणी गेले की होडी त्यांच्यावर उभी राहते. मला हे काही केल्या उमगेना, तेव्हा वहिनींनी उठून ओट्यावरचा पोळपाट आणला. "एका कण्याची होडी म्हणजे भोवरा; पाणी थांबलं की लवंडला. दोन कण्यांची म्हणजे हा पोळपाट. दोन पाय ते कणे, आणि मागचा तिसरा पाय म्हणजे सुकाणूच्या पुढचा तो आधार. कळलं?" कळले. दादांच्या ग्रंथसंग्रहातल्या कोणत्याही पुस्तकाने इतक्या लवकर कळले नसते.

आम्ही जी स्थळे पाहायला गेलो त्यांतली तीनच सांगण्यासारखी आहेत.

पहिली होती फोकबोट. हीच दादांच्या मनात भरलेली. १९४२ च्या सुमारास स्वीडनमध्ये साध्या लोकांना परवडावी म्हणून ही जात आखली गेली. पंचवीस फूट लांब, फळीवर फळी चढवून बांधलेली, आणि इतकी देखणी की तिच्याकडे पाहताना मीदेखील बोलायचे थांबलो. १९६० मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तिच्यात दुसरा आलेला ब्लाँडी हॅसलर हा इंग्रज गृहस्थ शिडे बदललेल्या फोकबोटीतूनच गेला होता. दादांनी तिच्या कडेवरून हात फिरवला. पस्तीस वर्षांत पेशंटखेरीज कशावरही त्यांना असा हात फिरवताना मी पाहिले नव्हते.

वहिनी वाकून आत गेल्या. त्या होडीत ताठ उभे राहायची सोय नाही. थोड्या वेळाने डोके बाहेर काढून त्यांनी मालकाला विचारले, "ओहोटीला ही काय करते?"

मालक सज्जन होता. म्हणाला, "बाईसाहेब, ती आडवी होऊन विश्रांती घेते."

तिला लागणारे पाणी चार फूट. आम्ही पुढे पाहिलेल्या दोन कण्यांच्या होडीला तीन फूट. फरक एका फुटाचा. पण प्रश्न त्या फुटाचा नव्हताच. पाणी असताना दोघीही तरंगतात. पाणी गेल्यावर एक उभी राहते आणि दुसरी कुशीवर पडते. दोन्ही बाजूंना लाकडी टेकू लावून ती उभी करता येते. पण टेकूला खाली घट्ट जमीन लागते, आणि एसेक्सच्या चिखलात टेकू लोण्यातल्या सुरीसारखे जातात. सदैव पाणी असलेल्या बंदरात जागा भाड्याने घ्यावी म्हटले, तर तिचे भाडे ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागेच्या मानाने पुष्कळच जास्त. परतताना दादा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. वहिनीही बोलल्या नाहीत. मी मागे बसून खिडकीतून एसेक्सची शेते पाहत होतो.

दुसरी होती मध्ये पाते असलेली लाकडी होडी. ही जात थोर परंपरेची आहे. १९०३ साली अर्स्किन चाइल्डर्स याने 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी लिहिली. जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या वाळूच्या दांड्यांमधून हेरगिरी करीत हिंडणाऱ्या दोन मित्रांची ती गोष्ट आहे. त्यातला एक मित्र ऐटबाज यॉटची अपेक्षा धरून येतो, आणि पुढे उभी असते एका जुन्या जीवरक्षक नौकेची केलेली बोजड होडी. पण पाते वर घेतले की ती घोटाभर पाण्यातून गेल्यासारखी जाते! दादांनी ती कादंबरी किती वेळा वाचली असेल कोण जाणे. आम्ही पाहिलेल्या होडीलाही पाते वर घेतल्यावर अडीच फूट पाणी पुरे होते. पण पाते ज्या पेटीत बसते ती पेटी खोलीच्या बरोबर मध्ये, समोरासमोर बसणाऱ्यांच्या गुडघ्यांमध्ये भिंतीसारखी. पेटीच्या मुळाशी ओल होती. पाते खाली सोडायला गेलो तर ते हलेना. चिखलात बसताना खडे आत शिरून अडकून बसले होते. मग दादांनी एक नामी गोष्ट केली. इंजिन चालू करून दाखवतो असे मालक म्हणाला, तेव्हा दादांनी आधी इंजिनवर तळहात ठेवला. ते कोमट होते. म्हणजे आम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले. थंड इंजिन पहिल्या झटक्याला चालू होते की नाही यावर त्याची प्रकृती कळते. तापवलेले इंजिन म्हणजे ताप उतरायचे औषध देऊन डॉक्टरकडे आणलेला रोगी. दादांनी आभार मानले आणि आम्ही निघालो.

तिसरी होती दोन कण्यांची. सेंटॉर नावाची ही जात १९६९ पासून पुढे दहा-अकरा वर्षे बांधली जात होती, आणि अशा दोन हजारांहून अधिक होड्या पाण्यात उतरल्या. सव्वीस फूट लांब, तीन फूट पाणी. रूप म्हणाल तर ट्रंकेला शीड लावल्यासारखे. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती फोकबोटीइतकी नेटाने चढत नाही, बरीचशी बाजूला सरकते. दादांनी हे मला तीन वेळा सांगितले. पण आत गेलो आणि वहिनी ताठ उभ्या राहिल्या. शेगडी होती, टेबल होते, आणि खिडकीतून बाहेर दिसत होते.

विकणारे जोडपे सत्तरीच्या पुढचे. म्हातारबुवांचे खांदे दुखू लागले, दोर ओढवेनात, म्हणून विकायची. म्हातारीने एक जाड फाईल आणून टेबलावर ठेवली. तीत मागल्या प्रत्येक मालकाचे विक्रीखत, प्रत्येक दुरुस्तीचे बिल, इंजिनाचे तेल बदलल्याच्या तारखा. जुन्या होडीची कुंडली ती हीच. विक्रीखतांची साखळी तुटलेली असेल तर होडी खरोखर विकणाऱ्याच्या मालकीची आहे की नाही, तिच्यावर कोणाचे कर्ज आहे काय, याचा भरवसा राहत नाही. फाईलबरोबर एक वहीही होती. तीत ती दोघे कोणत्या खाडीत, कोणत्या दिवशी, किती पाण्यात नांगर टाकून राहिली याची नोंद. आणि शेजारी तळ कसा याची: 'मऊ चिखल, सपाट', 'कठीण वाळू, आपटते', 'मध्ये घळ, एक कणा खाली गेला, रात्रभर जागे'. कारण दोन कण्यांची होडीही कुठेही बसवून चालत नाही. जागा ओहोटीला पाहून ठेवावी आणि भरतीला तिथे जावे, असा त्यांचा शिरस्ता. वहिनी ती वही वाचत बसल्या. आम्ही वर दोर आणि शिडे पाहत होतो, त्या खाली वाचत होत्या.

तरी दादांनी घाई केली नाही. होडी पाण्याबाहेर काढून परीक्षकाला बोलावले. हा परीक्षक म्हणजे होड्यांचा वैद्य. त्याचा अहवाल नसेल तर जुन्या होडीचा विमा उतरवायला सहसा कोणी तयार होत नाही. हातात लहानसा हातोडा घेऊन तो तळावर वीतवीत अंतराने टकटक करीत निघाला. निरोगी तळाचा आवाज खणखणीत येतो, आतले थर सुटले असतील तर बद्द. ते पाहून दादांना राहवेना. ते मला म्हणाले, "अरे, हे तर आमचंच काम!" आणि मग कळले की खरोखर त्यांचेच आहे. छातीवर बोटे वाजवून रोग ओळखण्याची पद्धत १७६१ साली ग्रंथरूपाने मांडणारा लिओपोल्ड ऑएनब्रुगर हा ऑस्ट्रियन डॉक्टर खाणावळवाल्याचा मुलगा. बापाच्या तळघरातली दारूची पिंपे कुठपर्यंत भरली आहेत हे टिचकी मारून ओळखतात, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. पिंपावरून छातीवर आलेली विद्या आता होडीच्या पोटावर चालली होती, आणि छातीचे डॉक्टर शेजारी कान देऊन उभे होते.

परीक्षकाने मग कणे जिथे तळाला जोडतात तो सांधा आरशाने पाहिला. दोन कण्यांच्या होडीचे वर्षानुवर्षे चिखलात उठणे-बसणे होते ते याच सांध्याच्या जिवावर. तिथे केसासारख्या भेगा किंवा गंजाचे ओघळ दिसले तर सावध व्हावे. इथे दिसले नाहीत. तळावर मुरलेल्या पाण्याचे थोडे फोड होते. ते त्वचारोगासारखे, दिसायला वाईट पण जीवघेणे नव्हेत. पाणी आत-बाहेर करणाऱ्या पितळी तोट्यांपैकी एकीला त्याने चाकूने खरवडले. आतून पिवळी चमक यायला हवी, ती आली गुलाबी. खाऱ्या पाण्याने पितळेतले जस्त खाऊन टाकले की उरते ते ठिसूळ तांबे. अशी तोटी एखाद्या दिवशी हातात येते आणि होडीत कारंजे उडते. ती बदलायची ठरली. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा पंधरा वर्षांच्या झाल्या होत्या. त्याही बदलायच्या ठरल्या. तेवढी किंमत म्हातारबुवांनी कुरकूर न करता उतरवली.

आणि तरीही दादा दोन दिवस काही बोलेनात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे वेस्ट मर्सीच्या धक्क्यावर बसलो होतो. ती फोकबोट समोरच्या खोल पाण्यात दिसत होती.

"काय सुंदर आहे रे!" ते म्हणाले.

"घ्या की मग, दादा. वहिनी नाही म्हणणार नाहीत."

"तेच तर. ती नाही म्हणणार नाही. येणारही नाही." थोडा वेळ ते गप्प राहिले. "पहिल्या वर्षी येईल, एक-दोनदा. मग म्हणेल, तुम्ही जा, मी डबा देते. तिनं पस्तीस वर्षं डबाच दिलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेंटॉरचा बयाणा दिला.

मी परत निघण्याआधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही तिघे तिच्यावर एक रात्र राहिलो. वहिनींनी म्हातारीच्या वहीतूनच जागा निवडली होती: टोल्सबरीजवळची एक अरुंद खाडी, 'मऊ चिखल, सपाट'. दिवसही भांगाचे पाहून घेतले होते. पुढल्या भरत्या चढत्या असल्याने अडकून पडायची भीती नव्हती. संध्याकाळी सातच्या भरतीला आम्ही आत शिरलो आणि नांगर टाकला. वहिनींनी पिठलेभात केला. तिकडे जूनमध्ये सव्वानऊपर्यंत सूर्य असतो. त्या लांबलेल्या उजेडात दोन्ही काठांचा चिखल हळूहळू वर येऊ लागला. दहाच्या सुमारास तळाशी एक मऊसा धक्का बसला, मग दुसरा. होडी डोलायची थांबली. वहिनींनी वाटीभर पाणी टेबलावर ठेवले होते. त्यांनी ते वाकून पाहिले आणि काही न बोलता अंथरुणे घातली.

मी पुढच्या लहानशा खोलीत आडवा झालो. मध्यरात्री जाग आली तेव्हा दादा मागच्या बाजूला उघड्यावर उभे असलेले दिसले. सभोवार पाणी कुठेच नव्हते. चांदण्यांच्या उजेडात मैलभर चिखल, आणि त्यात आमची ट्रंक आपल्या पायांवर ताठ उभी. इतक्या वर्षांची सवय. या वेळी त्यांना जाग यायचीच. नांगराच्या साखळीकडे पाहा, आकाशाकडे पाहा, घड्याळाकडे पाहा, असे त्यांचे चालले होते.

आतून वहिनींचा झोपाळू आवाज आला.

"अहो, झोपा आता. पाणी गेलंय. पहाटे चारपर्यंत तुम्हाला कुठे जाता यायचं नाही."